नापास दोर

दोरांच्या त्या कारखान्यात एक कायदा होता आणि तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. जो दोराला पास म्हणेल, त्यानेच त्या दोराला आधी लटकायचं. आढ्याच्या तुळईवरून दोर खाली सोडायचा, त्याचा वेढा काखेखाली घ्यायचा, पाय जमिनीवरून उचलायचे आणि एक ते शंभर आकडे होईपर्यंत तसंच लोंबकळायचं. शंभर झाले की दोर बाहेरच्या जगात जायला मोकळा. नापास झाला तर कुऱ्हाड. वीतवीतभर तुकडे, त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत. नापास दोराला शेळीसुद्धा बांधायची नाही, कारण शेळीलाही जीव असतो आणि शेळीच्या मालकाला तोंड असतं.

तपासणीचं हे काम तीस वर्षं एका बाईकडे होतं. पन्नाशी उलटलेली, हाडापेराने भक्कम, बोलायला तुटक. तिचं खरं नाव तिलासुद्धा सही करतानाच आठवायचं, कारण लहानथोर सगळे तिला नापासबाई म्हणत.

तिची पद्धत साधी होती. डोळे मिटायचे आणि दोर तळहातातून सरकू द्यायचा. जिथे हात आपोआप थांबेल तिथे दोष. का थांबला, हे हाताला विचारायचं नाही. विचारलं की हात बुजतो. आधी निकाल, मग कारण. थांबलेल्या जागी दोर उसवून बघितला की कारण सापडायचंच: कुठे तागाचा एखादा पदर ओला राहून गेलेला, कुठे पीळ सैल, कुठे वळणाऱ्याचं लक्ष उडालेलं. एकदा तर तिने सांगितलं, की हा दोर वळणारा घरून बायकोशी भांडून आलाय आणि ते भांडण सातव्या वावापाशी मिटलंय. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जे अंतर, तो एक वाव. चौकशी केली तर अक्षर न् अक्षर खरं निघालं. फक्त भांडण सातव्या नाही, आठव्या वावापाशी मिटलं, असं डबा घेऊन आलेल्या बायकोचं म्हणणं पडलं.

दोर वळणाऱ्यांत सगळ्यात जुने कारागीर म्हणजे तिचेच वडील. सगळे त्यांना आबा म्हणत. वयाने ऐंशीच्या घरात पोचले होते, पण थापा अजून विशीतल्या होत्या. आपण एकदा इतका सरळ दोर वळला, की त्यावर चढलेली मुंगी निघायच्या आधीच पोचायची, असं ते चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगत. दुसऱ्या एका दोराला म्हणे त्यांनी धुकं वापरलं होतं, कारण ताग संपला होता. तो दोर उत्तम टिकला. फक्त उन्हात न्यायचा नाही, एवढंच पथ्य.

या आबांनी दोन वर्षांपूर्वी आपला शेवटचा दोर वळला. नव्वद वाव, एकसंध. हात थरथरायला लागले होते म्हणून अकरा दिवस लागले, पण कोणाला शिवू दिलं नाही. नापासबाईने डोळे मिटले, दोर हातात घेतला, आणि विसाव्या वावाला हात थांबला. पुन्हा घेतला, पुन्हा विसाव्याला. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम उलट्या टोकाकडून सुरुवात केली. सत्तर वाव झरझर गेले आणि हात तिथेच येऊन थांबला. डोळे उघडले तर लांबलचक शेडच्या त्या टोकाला आबा फडक्याला हात पुसत उभे. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पोर उभं असतं, तसे. तिच्या तोंडून निघालं, "पास."

जन्मात पहिल्यांदा हात एक बोलला आणि तोंड दुसरं. आणि पास म्हटल्यावर सुटका नव्हती, लटकणं आलं. ती लटकली. शंभर आकडे आबांनीच मोजले, सावकाश, एकही न गाळता. दोर टिकला. पण खोटं टिकलं म्हणून ते खरं होत नाही, एवढं तिला वर लोंबकळत असतानाच कळत होतं, आणि पाय अधांतरी असताना कळलेली गोष्ट माणूस सहसा विसरत नाही.

तो दोर बाहेर जाऊ द्यायची तिची छाती झाली नाही. कुऱ्हाड चालवावी तर आवाज आबांच्या कानावर पडणार. शेवटी कारखाना जेवायला गेला असताना तिने तो ओढत ओढत कोठाराच्या माळ्यावर नेला, पोत्यांखाली दडवला आणि आबांना सांगितलं की एका जहाजाने नेला. त्या दिवसापासून आबा रोज चौकात दोराची खुशाली सांगायला लागले. आज तो मोठ्या समुद्रात आहे. परवा एका देवमाशाने ओढून बघितला, मासाच दमला. ती ऐकायची आणि पुढचा दोर तपासायला घ्यायची.

कारखान्यापासून अर्ध्या तासावर दगडाची खाण होती. विहिरीसारखी उभी खोदलेली, ऐंशी वाव खोल. इतकी खोल, की वरून सकाळी हाक मारली तर खालची ओ जेवणाच्या सुट्टीत वर यायची, आणि वर सांगितलेल्या विनोदाला खालची माणसं दुसऱ्या दिवशी हसायची. तोवर वरचा माणूस तो विनोद विसरलेला असे, आणि त्याला वाटे आपल्यालाच हसतात. त्यावरून दोन-चार मारामाऱ्या झाल्या तेव्हा मालकांनी पत्र्याची एक बोलनळी वरपासून खालपर्यंत बसवून दिली.

एका सकाळी त्या खाणीत नऊ माणसं उतरली, आणि माणसांची ने-आण करणारा पाळणा रिकामा वर येत असताना कप्पीची कड फुटली. दोर त्या फटीत शिरला आणि करवतीने कापावा तसा कापला गेला. पाळणा खाली गेला. कोणाच्या डोक्यात पडला नाही हे नशीब, पण त्याच्या धक्क्याने खालच्या भिंतीचा एक टेकू सरकला आणि भिंतीमागचं पाणी आत यायला लागलं.

कप्पी दुसरी होती, पाळणाही होता. दोर नव्हता. दोन दोरांची गाठ मारून भागत नाही, कारण गाठ कप्पीत अडकते. ऐंशी वावांहून लांब आणि एकसंध दोर हवा होता. खाणीचा मुकादम ट्रक घेऊन कारखान्यात आला तेव्हा घामाने निथळत होता आणि काखेत हजेरीची पाटी होती. ती पाटी तो झोपतानाही उशाशी घेतो, असं लोक म्हणत. कारखान्यातला सगळ्यात लांब दोर निघाला पंचेचाळीस वाव. बंदरावर फोन झाला होता, तिथून दोर निघालाही होता, पण पोचायला संध्याकाळचे सहा वाजणार होते. मुकादमाने पाटी पुसली आणि खडूने गणित मांडलं. पाणी आत्ता गुडघ्याला. तासाला सहा बोटं चढतंय. सहा वाजता ते गळ्याखाली चार बोटं असेल. म्हणजे माणसं वाचतात.

"कोणाच्या गळ्याखाली?" नापासबाईने विचारलं.

"सरासरी काढलीय."

"सरासरी माणूस खाली उतरलाय का, मुकादम?"

उतरलेल्या नऊ जणांत एक ठेंगू होता, हे दोघांनाही माहीत होतं. ठेंगू इतका ठेंगणा, की त्याच खाणीतल्या गाडा नावाच्या धिप्पाड माणसाच्या सदऱ्याची एक बाही उसवली तर ठेंगूचा सदरा होई, वर कापड उरे. बाकीचे त्याला खांद्यावर घेतील, असं मुकादम म्हणाला. पण ते त्याने पाटीला सांगितलं, बाईला नाही.

माळ्यावर नव्वद वाव दोर आहे, हे जगात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ती गप्प बसली असती तर कोणी कधी बोट दाखवलं नसतं. थांबलं तर आठ जण नक्की वाचत होते, कदाचित नऊच्या नऊ. दोर दिला आणि तो तुटला, तर माणूस पाण्याने नाही, तिच्या हाताने मरणार. तीस वर्षांत तिने बाहेर सोडलेल्या एकाही दोराने कोणाला दगा दिला नव्हता. शिवाय आबा. असं एकेक वजन ती या पारड्यात, त्या पारड्यात टाकत होती, पारडी खालीवर होत होती, आणि तेवढ्यात तिच्या कानावर शब्द आले, "माझ्याकडे नव्वद वावांचा एक आहे."

आवाज तिचाच होता. तापल्या तव्यावरून हात मागे येतो तेव्हा आधी हात येतो आणि मग भाजल्याचं कळतं. तसं आपण ठरवल्याचं तिला मागाहून कळलं. पारडी मनात अजून झुलत होती आणि निकाल लागून गेला होता.

मुकादम ताडकन उठला. मग तिने पुढचं सांगितलं, की दोर नापास आहे, आणि तो पुन्हा बसला. नापास दोरावर माणूस चढवला तर माझ्या हातात बेड्या पडतील, म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने सुचवलं, की बाईंनी नुसतं पास म्हणावं. एक शब्द. दोर तोच राहतो, माणसं तीच राहतात, फक्त सगळ्यांच्या जिवाला थोडा थारा मिळतो.

"दोर देते," ती म्हणाली. "शब्द देत नाही."

मुकादमाने डोळे मिटले, बेड्यांचा विचार केला, मग बहुधा ठेंगूचा केला, आणि ट्रकचं फळकं उघडलं.

वेटोळं ट्रकमध्ये चढत असताना आबा काठी टेकत आले. स्वतःचं अक्षर ओळखावं तसा त्यांनी स्वतःचा पीळ ओळखला. मागे चढले आणि दोराशेजारी बसले. ती समोर बसली. तिला सांगायला जेमतेम दोन वाक्यं होती, पण ती तोंडावाटे बाहेर यायला अर्धा रस्ता लागला.

"आबा, हा मी नापास केला होता. जहाजबिहाज काही नव्हतं."

आबा मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. "विसाव्या वावाला ना?"

तिला वाटलं ट्रक थांबला. ट्रक नीट चालला होता.

मग आबांनी सांगितलं. दोर वळताना विसाव्या वावाला त्यांना खोकल्याची उबळ आली आणि पीळ हातातून निसटला. त्यांनी तो परत धरला, पण आतल्या पदरात काहीतरी पोकळ राहून गेलं. बाहेरून दिसत नव्हतं. सगळं उसवून नव्याने वळायचं बळ अंगात नव्हतं. त्यांनी मनाशी म्हटलं, पोरगी बसलीय ना, ती पकडेल. आणि पोरीने तोंड उघडून पास म्हटलं.

"मग बोलला का नाहीत? मी लटकले ना त्याला."

"तू माझ्यासाठी लटकतेयस हे कळलं आणि माझं तोंडच गेलं," आबा म्हणाले. "शंभर आकडे मोजत खाली हात पसरून उभा होतो. तुला वाटलं असेल, म्हातारा कौतुकाने बघतोय."

"आणि तो देवमासा?"

"तू जहाज सोडलंस. मग मला समुद्र भरावा लागला, पोरी."

तिला हसू आलं की रडू, हे तिचं तिलाच कळलं नाही, कारण तेवढ्यात दुसरीच एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. दोन वर्षं. दोन माणसं, दोन वेगळे हात, एकमेकांना एक अक्षर न बोललेले. आणि नव्वद वावांतली नेमकी तीच बोटभर जागा दोघांना ठाऊक होती. तिने लपवलं, त्यांनी लपवलं, दोघांनी मिळून गावभर समुद्र पसरला, तरी ती पोकळ जागा तसूभरसुद्धा हलली नव्हती. कोणी बघो न बघो, ती विसाव्या वावालाच होती. नापासबाईने स्वतःचा तळहात उलटासुलटा करून पाहिला. तीस वर्षं तो हात आपला आहे असं ती समजत होती. आता तिला वाटलं, हा हात कशाचा तरी आहे, आणि आपल्याकडे नुसता ठेवायला दिलाय.

खाणीवर पोचेपर्यंत कप्पी बदलून झाली होती. दोर वळायला जिथून सुरुवात होते ते त्याचं डोकं, आणि रिवाज असा, की ओझं नेहमी डोक्याकडे बांधायचं. माणसं तसंच बांधायला लागली तेव्हा आबांनी काठी आडवी घातली. डोक्याकडे ओझं बांधलं तर ती पोकळ जागा माणसाच्या वर वीस वावांवर राहणार, म्हणजे तो बराचसा वर आल्यावर कप्पीवरून जाणार; तिथे तुटलं तर माणूस साठ वाव खाली. उलटं बांधा, ते म्हणाले, शेपटीकडे ओझं. मग ती जागा पहिल्या दहा वावांतच कप्पी ओलांडून रहाटावर गुंडाळली जाईल. पहिले दहा वाव जीव मुठीत, पुढचे सत्तर निर्धास्त. आणि पहिल्या दहांत तुटलाच, तर खाली पाणी आहे. माणूस हाडं मोडून घेईल पण उरेल. मुकादमाने पाटीवर आकडे मांडले, दोनदा तपासले, आणि त्याच्या कपाळावरची आठी सकाळपासून पहिल्यांदा गेली.

राहिलं खाली सांगणं. मुकादमाने बोलनळीच्या तोंडावर हात ठेवला. सांगायची गरज काय, त्याचं म्हणणं. घाबरतील, पाळण्यावर झुंबड उडेल. नापासबाईने तो हात एकेक बोट करून उचलला, नळीला तोंड लावलं आणि सगळं सांगितलं. दोर नापास आहे. धोका पहिल्या दहा वावांत आहे. एका खेपेला एकच माणूस. किती खेपा टिकेल माहीत नाही. थांबायचं असेल तर सहाला दुसरा दोर येतो, तोवर पाणी गळ्याशी लागेल. जीव तुमचे आहेत, तुम्ही ठरवा.

नळीतून खडूसचा घोगरा सूर आला. खडूस म्हणजे खाणीतला सगळ्यात म्हातारा गडी. त्याने आयुष्यात कोणाला बरं म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"नापासबाई, तुझ्या तोंडून पास ऐकलं असतं तर घाबरलो असतो. सोड दोर."

दोर खाली जात होता तेव्हा ती खाणीच्या काठाशी पालथी पडून आत बघत होती. खोली इतकी, की नऊ टोप्यांवरचे नऊ दिवे चांदण्यांएवढे दिसत होते. डोक्यावर भर दुपारचं रिकामं आकाश आणि चांदण्या पायाखाली. कोणी आधी यायचं, कोणी मागून, हे वरून कोणी सांगितलं नव्हतं. त्या घाईत ते कोणाला सुचलंच नव्हतं. दोराला एक हिसका आला. रहाटावरच्या आठ गड्यांनी अंग टाकलं. खालच्या नऊंतली एक चांदणी सुटली आणि वर यायला लागली.

ती उठून रहाटापाशी गेली आणि कप्पीवरून येणाऱ्या दोराखाली तिने तळहात धरला. पलीकडे आबांनी धरला. दोर गुणगुणत होता. पोकळ दातावरून जीभ जावी तशी ती जागा तिच्या तळहातावरून गेली, मग आबांच्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जागा रहाटावर गुंडाळली गेली.

पहिला आला ठेंगू, छातीपर्यंत भिजलेला. दुसरा गाडा, त्याच्या वजनाने रहाटाचे खांब करकरले आणि दोन गडी घसरून पडले, पण दोर अजून दमलेला नव्हता, त्याने पेललं. मग पाच जण आले, जड आधी, हलका मागून, जणू कोणी त्यांना खाली तराजूवर चढवून पाठवत होतं. आणि दर खेपेला त्या दोन तळहातांवरून ती जागा गेली, दर खेपेला थोडी अधिक ऊन.

खाली दोन दिवे उरले. एक खडूसचा आणि एक नव्याचा. नवा म्हणजे तीन दिवसांपूर्वी कामाला लागलेला गडी, अंगाने काटकुळा. वजनाच्या हिशोबाने आता जड खडूस यायला हवा होता. पण नापासबाईच्या मनात आलं, नवा येणार. तिने आबांकडे पाहिलं, त्यांचे ओठ हलले, "नवा." एक चांदणी सुटली. नवा आला.

मग पाळणा शेवटचा खाली गेला. एवढ्या मोठ्या काळोखात एक दिवा. तो सुटला. पाच वाव, सहा, सात. आठव्या वावाला दोराच्या पोटात काहीतरी तटकन तुटलं. रहाटावरचे गडी जागच्या जागी थिजले. मुकादमाने पाटीने तोंड झाकून घेतलं. नापासबाईने डोळे मिटले आणि तळहाताला विचारायचं नाही हा तीस वर्षांचा नियम मोडून मनातल्या मनात विचारलं. हाताने सांगितलं, ओढा. ती म्हणाली, "ओढा," आणि अगदी त्याच श्वासात पलीकडून आबाही म्हणाले, "ओढा." जागा त्यांच्या हातांवरून गेली, चटका देत, आणि रहाटावर जाऊन बसली.

खडूस वर आला. पाय टेकल्या टेकल्या म्हणाला, एवढा वेळ लावलात, माझं वरण गार झालं असेल.

माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत असताना नापासबाई हजेरी मांडायला बसलेल्या मुकादमाच्या मागून जात होती, आणि तिची नजर पाटीवर गेली. आकडेमोडीच्या खाली, कोपऱ्यात, एकाखाली एक नऊ नावं लिहिलेली होती. ठेंगू. गाडा. मग ते पाच जण, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने. शेवटची दोन नावं लिहून पुसलेली आणि पुन्हा लिहिलेली: आधी नवा, तळाला खडूस.

"हे कधी लिहिलंत?"

"दोर खाली जात होता तेव्हा. उगीच." मुकादमाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "शेवटचं गणिताने उलटं येत होतं. पण तसं लिहिलेलं मला बघवेना. बाई, मी हे कोणाला सांगितलं नाही. नळीपाशी गेलोसुद्धा नाही."

ज्याने सकाळी सरासरी गळा काढला होता, त्या माणसाने. तिने वरून काहीच न बोलता हाच क्रम मनात धरला होता, आबांनी धरला होता, आणि ऐंशी वाव खाली, कमरेएवढ्या पाण्यात, नऊ जणांनी तो करून दाखवला होता. ती मुकादमाशेजारी दगडावर बसली आणि दोघं कितीतरी वेळ त्या पाटीकडे नवलाने बघत बसली.

दोर त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आत आबांनी स्वतः तोडला. लोक हळहळले, ज्या दोराने नऊ जीव वाचवले तो पास नाही तर काय, म्हणाले. नापासबाईने बजावून सांगितलं की दोर वाईट होता, दोन वर्षं लपवला ते वाईट होतं, आणि आज दिला ते बरोबर होतं. तिन्ही खरं आहे, एकाने दुसरं धुतलं जात नाही. लोकांना ते पटलं नाही. लोकांना सत्कार करायचा होता.

तिला मात्र वेगळंच वेड लागलं. पुढचे चार दिवस ती नऊ जणांच्या घरी जाऊन विचारत फिरली, की क्रम कोणी ठरवला. खाली चर्चा झाली का? कसली चर्चा, पाणी चढत होतं, असं सगळ्यांनी सांगितलं. मग खडूस शेवटी का? इथे मात्र प्रत्येकाकडे उत्तर होतं. एक म्हणाला, तो सगळ्यात जुना, मानाने शेवटचा. दुसरा म्हणाला, सरकला तो टेकू त्यानेच लावला होता, मग चुकीची भरपाई नको? तिसरा म्हणाला, त्याच्यामागे रडायला कोणी नाही. गाडा म्हणाला, त्याच्याएवढा शूर माणूस नाही. ठेंगू म्हणाला, त्याच्याएवढा भित्रा माणूस नाही, दोरावर बसायची हिंमत होत नव्हती म्हणून टाळत राहिला. नवा म्हणाला, मावशी, मला काही कळलंच नाही, त्याने माझी मानगूट धरली आणि पाळण्यात कोंबलं.

कारणं एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. आणि जागा एकच होती.

नववा उरला खडूस. तो एका अरुंद गल्लीत, खोलीच्या पायरीवर, सुजलेला पाय पुढे टाकून बसला होता. तिने त्यालाही तेच विचारलं, की तुम्ही शेवटी का थांबलात.

"तू दोर का दिलास?" खडूस म्हणाला.

"कारण..." ती थांबली. तिच्याजवळ पाच-सहा कारणं होती, चांगली होती, पण सगळी नंतर आलेली होती. एकही त्या वेळी तिथे हजर नव्हतं.

"मग मला कशाला छळतेस? बस." तो पायरीवर थोडा सरकला.

ती बसली. दुपार होती. गल्लीच्या एका टोकाने पाठीवर लाकडी कपाट घेतलेला हमाल आत शिरला, वाकलेला, समोरचं काही न दिसणारा. दुसऱ्या टोकाने सायकलला काचेचं मोठं तावदान बांधून एक माणूस येत होता. त्याच्या पुढे झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेली बाई, आणि मध्ये रिकाम्या हाताचे दोघे, कसल्यातरी वादात गुंग. सगळे एकाच वेळी गल्लीच्या सगळ्यात चिंचोळ्या जागी आले. रिकाम्या हाताचे दोघे वाद न थांबवता भिंतीला टेकले. काचवाल्याने सायकल एका दाराच्या खोबणीत घातली. मूल घेतलेली बाई मधून निघून गेली. मग कपाट गेलं. जाताना दोघांतल्या एकाने बोलता बोलता त्याचा निसटता कोपरा हाताने सावरला आणि सोडून दिला. मग काच. कोणी कोणाकडे बघितलं नाही, कोणी आभार मानले नाहीत. दोन श्वासांत गल्ली रिकामी झाली.

नापासबाई उठून उभी राहिली होती. पाटीवरची नऊ नावं वाचताना तिचा चेहरा जसा झाला होता, तसाच पुन्हा झाला होता.

"बघितलंत?"

"काय?"

"हे. आत्ता झालं ते."

खडूसने गल्लीभर नजर फिरवली. "त्यात काय बघायचं? रोजचंच आहे."

"रोज?" ती म्हणाली.